डिजिटल पियानो थेट इंटरफेसमधून ध्वनिमुद्रित करताना लेव्हल नेमकी किती ठेवावी?

अंतरा_ठाणे

नमस्कार. माझ्याकडे यामाहाचा पी-४५ हा डिजिटल पियानो आणि दोन इनपुट असलेला एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाजाचा संकेत लॅपटॉपमध्ये नेणारे उपकरण) आहे. माझी एक मैत्रीण नाशिकला राहते आणि भावगीते गाते. तिच्या गाण्यांसाठी पियानोची साथ मी घरी ध्वनिमुद्रित करून तिला पाठवते आणि ती त्यावर तिकडे गाते. मोबाइल समोर ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणात पंख्याचा आवाज आणि कळांची टकटकही येत असे, म्हणून आता मी थेट केबलने जोडणी केली आहे.

या पियानोला स्वतंत्र लाइन-आउट नाही, फक्त हेडफोनचा जॅक आहे. दोन्ही टोकांना ६.३ मिलिमीटरची स्टिरिओ पिन असलेली एक केबल घेऊन तिचे एक टोक हेडफोनच्या जॅकमध्ये आणि दुसरे इंटरफेसच्या पहिल्या इनपुटमध्ये लावले आहे. इंटरफेसवरचे ‘इन्स्ट’ असे लिहिलेले बटण चालू आहे आणि पियानोचा आवाज साधारण एक तृतीयांशावर आहे, कारण नेहमीच्या सरावाला मला तेवढाच पुरतो.

अडचण अशी की पडद्यावर उमटणारी लहर अगदी बारीक दिसते. इंटरफेसचा गेन (आलेला संकेत वाढवणारा नॉब) जवळजवळ पूर्ण फिरवला की लहर मोठी होते, पण तिच्याबरोबर खरखरही वर येते आणि जोरकस स्वरसंघाला लाल दिवा लागतो. शिवाय डाव्या हाताचे खर्जातले स्वर पोकळ वाटतात आणि एकंदर पियानो दूरच्या सभागृहात वाजतो आहे असे ऐकू येते. पियानोचा आवाज वाढवावा की इंटरफेसचा गेन, आणि कमाल लेव्हल कुठपर्यंत न्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गंधार

अंतराताई, पियानोचा आवाज वर आणि इंटरफेसचा गेन खाली, हा माझ्यापुरता ठरून गेलेला क्रम आहे. पियानोच्या आउटपुट सर्किटची स्वतःची खरखर बरीचशी स्थिर असते. आवाज एक तृतीयांशावर ठेवला की संगीत लहान होते, खरखर मात्र आहे तेवढीच राहते, आणि पुढे गेन वाढवला की दोन्ही एकत्रच मोठे होतात. साखळीतल्या पहिल्या कडीत जे हरवले ते नंतरची कोणतीही कडी परत आणून देत नाही.

मंद्रसप्तक

गंधार यांच्याशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला त्यांनी हात घातलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे : कमाल लेव्हल शून्याच्या, म्हणजे डिजिटल मीटरवरच्या सर्वांत वरच्या मर्यादेच्या, जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी. कॅसेटच्या काळात फितीची सुरसुर झाकण्यासाठी आम्ही काटा लाल पट्ट्याच्या तोंडाशी ठेवत असू, आणि पुढे १९८७ साली डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) आल्यावर, तिथे १६ बिटच हाताशी असल्यामुळे, एकही बिट वाया जाऊ नये अशी शिस्त पाळली जाई. लेव्हल कमी ठेवून नंतर वाढवणे ही माझ्या मते कामातली ढिलाई आहे.

खर्ज

लेव्हलच्या वादाकडे मी नंतर येतो, कारण अंतराताईंची मुख्य अडचण मला लेव्हलची वाटतच नाही. ती केबलची आहे.

हेडफोनच्या स्टिरिओ पिनेवर तीन पट्टे असतात : टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्यावर उजवा चॅनल आणि बुंध्याला सामाईक जमीन (ग्राउंड). इंटरफेसच्या इनपुटमध्येही नेमकी अशीच तीन पट्ट्यांची पिन बसते, पण तिथे तिचा अर्थ पूर्ण वेगळा असतो. ते इनपुट ‘बॅलन्स्ड’ असते, म्हणजे टोकाला सरळ संकेत आणि कड्यावर त्याच संकेताची उलटी प्रत येईल असे गृहीत धरून इंटरफेस एकातून दुसरा वजा करतो. वाटेत केबलने उचललेला गोंगाट दोन्हींवर सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो, आणि यासाठीच ती रचना केलेली आहे. मात्र आपण टोकाला डावा आणि कड्यावर उजवा चॅनल दिला, की इंटरफेस डाव्यातून उजवा वजा करतो, आणि दोन्ही चॅनलमध्ये जे सारखे आहे ते सगळे कापले जाते.

पियानोच्या आवाजात दोन्हीकडे सारखे काय असते, हे पाहिले की ताईंनी सांगितलेल्या प्रत्येक लक्षणाचा उलगडा होतो. खर्जाच्या ध्वनिलहरी कित्येक मीटर लांब असतात, त्यामुळे मूळ पियानोचे नमुने घेताना दोन्ही मायक्रोफोनपर्यंत त्या जवळजवळ एकाच स्थितीत पोहोचतात. वजाबाकीत सर्वांत जास्त तेच स्वर जातात. रिव्हर्ब (सभागृहाच्या घुमारीचा परिणाम) डावीकडे आणि उजवीकडे मुद्दाम वेगवेगळा बनवलेला असतो, म्हणून तो बहुतांशी टिकून राहतो. मूळ स्वर गेला आणि सभागृहाची घुमार उरली, तर पियानो दूरवर वाजतो आहे असेच ऐकू येणार. एकूण संकेतच लहान झाल्यामुळे लहर बारीक दिसते, आणि म्हणून गेन पूर्ण फिरवावा लागतो.

यावर उपाय म्हणजे एका टोकाला एक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल. डावी पिन पहिल्या इनपुटला, उजवी दुसऱ्याला, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक स्टिरिओ ट्रॅक. ‘इन्स्ट’ बटण दोन्ही इनपुटसाठी बंद करावे. ते इनपुट गिटारच्या पिकअपसाठी असते. त्याचा अवरोध सुमारे १० लाख ओहम ठेवलेला असतो आणि त्याची जोरकस संकेत पेलण्याची मर्यादा लाइन इनपुटपेक्षा बरीच खाली असते. पियानोच्या हेडफोन आउटपुटला त्याची काहीही गरज नाही.

रेवा

केबल आणण्याआधी निदान पडताळून पाहायचे असेल तर एक सोपी चाचणी आहे. पियानोवरचा रिव्हर्ब पूर्ण बंद करा आणि आहे त्याच जोडणीने खालच्या सप्तकातले काही स्वर एकेक करून ध्वनिमुद्रित करा. खर्ज यांचे म्हणणे बरोबर असेल तर आवाज आणखी क्षीण आणि टणक होईल, आणि तेच स्वर हेडफोनवर ऐकताना मात्र भरदार लागतील.

सोल्डरवाला

ठाण्याहून मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठता येतो. तिथे अशी केबल तयारही मिळते आणि हव्या त्या लांबीची डाग देऊन करूनही मिळते. पुण्याच्या वाचकांसाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातली दुकाने आहेत. विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. दुसऱ्या टोकाच्या दोन्ही पिनांवर एकच काळे कडे असले पाहिजे, म्हणजे त्या मोनो आहेत. आणि पिनेचे टोपण उघडता येत असेल तर उघडून पाहावे : जाळीची तार बुंध्याच्या पत्र्यावर नीट बसलेली असावी आणि तिचा एकही सुटा धागा मधल्या टोकाकडे वळलेला नसावा. लांबी तीन मीटरच्या आत ठेवावी, कारण ही जोडणी बॅलन्स्ड नसल्यामुळे केबल जितकी लांब तितका ती बाहेरचा गोंगाट अधिक उचलते.

खर्ज

आता मंद्रसप्तक यांच्या मुद्द्याकडे वळतो. १६ बिटच्या काळात ती शिस्त योग्यच होती, याबद्दल दुमत नाही. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १६ बिटमध्ये ९६ डेसिबल आणि २४ बिटमध्ये हिशेबाने १४४ डेसिबल. आता २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रण करताना कमाल लेव्हल उणे १२ डीबीएफएसवर (म्हणजे डिजिटल शून्याच्या १२ डेसिबल खाली) ठेवली तर आपण दोन बिट सोडून देतो आणि २२ उरतात. प्रत्यक्षात कोणताही इंटरफेस १४४ डेसिबल देत नाही. चांगल्या घरगुती इंटरफेसची मजल ११० ते १२० डेसिबलच्या आसपास असते. पियानोच्या हेडफोन आउटपुटची खरखर त्याच्याही कितीतरी वर असते. म्हणजे जे दोन बिट वाचवण्यासाठी आपण शून्याच्या काठावर जाऊ, त्यांत पियानोच्या खरखरीशिवाय काहीही साठवलेले नसते.

याउलट शून्य ओलांडले तर काय होते? फितीवर लेव्हल जरा जास्त झाली की आवाज गोलसर दबत असे, आणि तो दबलेला आवाज काहींना आवडतही असे. डिजिटलमध्ये शून्याच्या वर आकडाच नाही. लहरीचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो, आणि तो नंतर खऱ्या अर्थाने दुरुस्त होत नाही. म्हणून माझी शिफारस अशी : वादनातल्या सर्वांत जोरकस जागेला कमाल लेव्हल उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान यावी. सरासरी मग आपोआप उणे २१ ते उणे २७ च्या आसपास पडेल, कारण पियानोचा आघात त्याच्या सरासरीपेक्षा १५ डेसिबल वर सहज जातो. युरोपीय प्रसारण संघानेही आपल्या जुळणी-संकेताची जागा उणे १८ डीबीएफएसवर ठेवली आहे, आणि तिचा हेतूही वर पुरेशी मोकळी जागा सोडण्याचाच आहे.

मंद्रसप्तक

हिशेब पटला. दोन बिटांच्या जागी खरखरच साठवली जाते, हा मुद्दा निर्णायक आहे. तरीही एक काळजी कायम आहे. ‘कमी चालेल’ असे एकदा सांगितले की लोक उणे ३५ वर ध्वनिमुद्रण करतात, मग हेडफोनमध्ये स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून कळा जोराने दाबतात, आणि त्यात वादनाची नजाकत जाते. म्हणून उणे १२ ही खालची मर्यादाही तितक्याच आग्रहाने सांगितली पाहिजे.

खर्ज

पूर्णपणे मान्य. फक्त एवढेच जोडतो की स्वतःला कमी ऐकू येत असेल तर इंटरफेसच्या हेडफोनचा नॉब फिरवावा, गेनचा नाही. ऐकण्याची लेव्हल आणि नोंदवण्याची लेव्हल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

शततंत्री

मी पाश्चात्त्य पियानो शिकवते, त्यामुळे वादकाच्या बाजूने लिहिते. ‘सर्वांत जोरकस जागा’ शोधायची कशी, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बहुतेक जण लेव्हल लावण्यासाठी मधल्या सप्तकात एखादी सरगम वाजवतात, लाल दिवा लागत नाही असे पाहून समाधानी होतात, आणि प्रत्यक्ष वादनात आवाज फाटतो.

पियानोवर कमाल लेव्हल एकाच कळेच्या आघाताने येत नाही. पेडल दाबलेले असताना आधीचे स्वर विझत नाहीत, नवे त्यांच्यावर चढत जातात, आणि डाव्या हाताचे अष्टक व उजव्या हाताचा भरलेला स्वरसंघ एकाच क्षणी पडला की या सगळ्यांची बेरीज होते. भावगीताच्या साथीत हे नेहमी दुसऱ्या कडव्यानंतरच्या संगीतखंडात घडते, कारण तिथे गायिका थांबलेली असते आणि वादक मोकळा होतो. म्हणून लेव्हल लावताना गाण्याची सुरुवात न वाजवता तोच खंड, पेडलसह आणि पूर्ण जोराने वाजवावा. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात उत्साहाच्या भरात हात आणखी थोडा जड होतो; त्यासाठी तीनचार डेसिबल जास्तीचे मोकळे ठेवावेत. तालमीत उणे १० आले तर प्रत्यक्षात उणे ६ होणे अगदी स्वाभाविक आहे.

आणखी एक गोष्ट. पियानोत कळांच्या स्पर्शाची संवेदनशीलता निवडता येते. ती ‘सॉफ्ट’वर असेल तर हलक्या स्पर्शालाही मोठा आवाज निघतो. लेव्हल लावून झाल्यावर ती बदलली तर आधीची सगळी मापे निकामी होतात, म्हणून स्पर्श, स्वररंग आणि रिव्हर्ब आधी ठरवावेत आणि गेन सर्वांत शेवटी.

निषाद_न्यूजर्सी

खरखरीविषयी लिहिले गेले आहे, पण घरघरीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना जमिनीच्या तारेचे वेटोळे तयार होऊन विजेच्या वारंवारतेची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते. इथे अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झची असते, भारतात ५० ची. थेट पियानोच्या ध्वनिमुद्रणात ती पकडणे सोपे आहे, कारण ५० हर्ट्‌झ म्हणजे पियानोच्या खालच्या बाजूच्या ‘जी’ स्वराच्या, म्हणजे ४९ हर्ट्‌झच्या, अगदी शेजारी. तो जी वाजवून धरून ठेवा : घरघर असेल तर सेकंदाला साधारण एक याप्रमाणे आवाज हलकासा डोलताना ऐकू येईल. त्याच्या वरच्या सप्तकातल्या ९८ हर्ट्‌झच्या जीवर, घरघरीच्या १०० हर्ट्‌झच्या घटकामुळे, हाच डोल दुप्पट गतीने येतो. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ ही जागा बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध पडते, त्यामुळे इथे ती बेसूर भुणभुण म्हणून लगेच वेगळी कळते.

रेवा

निषाद, ही चाचणी फार उपयोगी आहे. मी आजच करून पाहिली आणि चार्जर काढताच डोलणे थांबले. घरघरीबरोबर एक बारीक शिट्टीही येते, तिचे कारण काय असावे?

निषाद_न्यूजर्सी

ती शिट्टी १ किलोहर्ट्‌झच्या आसपासची असेल तर ती यूएसबीची आहे. यूएसबीवर माहितीचे गठ्ठे दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला १००० वेळा जातात, आणि जलद प्रकारात ८००० वेळा. जमिनीच्या तारेतून तोच ठेका ऑडिओत शिरतो. पियानो यूएसबीने आणि ऑडिओ केबलनेही त्याच लॅपटॉपला जोडलेला असेल तर वेटोळे हमखास पूर्ण होते. यूएसबीची गरज नसेल तर ती केबल काढून पाहावी.

सोल्डरवाला

घरघर घालवण्यासाठी काही जण तीन पिनांच्या प्लगमधली जमिनीची पिन काढून टाकतात. असे कृपया कोणीही करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा सॉकेटला तिसरे छिद्र असते पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, त्यामुळे आधी वायरमनकडून तेवढे तपासून घ्यावे. मग पियानो, लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. तरीही घरघर राहिली तर ट्रान्सफॉर्मर असलेला दोन चॅनलचा डीआय बॉक्स (वाद्याचा संकेत माइक इनपुटजोगा करणारी डबी) मधे टाकावा. त्यात संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि जमिनीची तार सुरक्षितपणे तोडता येते. डीआय बॉक्समधून निघणारा संकेत मात्र माइकच्या लेव्हलचा असतो, म्हणून तो एक्सएलआर केबलने माइक इनपुटलाच द्यावा लागतो आणि गेन नव्याने लावावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या डीआय बॉक्सला इंटरफेसवरच्या ४८ व्होल्टच्या (माइकला वीज देणाऱ्या) बटणाची गरज नसते. ते बटण बंदच ठेवावे.

पश्चिमरंग

इतका सगळा खटाटोप वाचून मला सुचवावेसे वाटते की ऑडिओऐवजी मिडी का नोंदवू नये? पी-४५ला यूएसबी आहे आणि त्यातून मिडी थेट लॅपटॉपमध्ये जाते. मिडीत लेव्हल, खरखर, घरघर यांपैकी काहीच नसते. कोणती कळ, किती वेगाने (१ ते १२७ च्या आकड्यांत) आणि किती वेळ दाबली एवढेच येते. नंतर लॅपटॉपमधल्या चांगल्या पियानो-नमुन्यांवर तेच वादन वाजवता येते.

शततंत्री

पश्चिमरंग, मी आपल्याशी आदराने असहमत आहे. वादक ज्या आवाजाला कानाने प्रतिसाद देत वाजवतो, तो आवाज म्हणजे त्याचे वाद्य असते. आकडे तेच ठेवून आवाज बदलला की मंद जागा दबतात, आघात टोचतात, आणि पेडल सोडण्याची वेळ चुकल्यासारखी वाटते, कारण दुसऱ्या पियानोचे स्वर वेगळ्या गतीने विझतात. साथ करणाऱ्याच्या बाबतीत तर हा फरक गायकाच्या श्वासापर्यंत जाऊन पोहोचतो.

खर्ज

दोघांचेही म्हणणे एकत्र साधता येते. ऑडिओ आणि मिडी एकाच वेळी नोंदवाव्यात. ऑडिओ फाटला किंवा लेव्हल कमी पडली, तर नोंदवलेली मिडी परत त्याच पियानोला पाठवावी. पियानो तेच वादन स्वतः वाजवतो आणि आपण शांतपणे गेन दुरुस्त करून पुन्हा ध्वनिमुद्रण करतो. वाद्य तेच राहते, त्यामुळे शततंत्री यांचा आक्षेपही बऱ्याच अंशी उरत नाही.

यात एक दक्षता हवी. सॉफ्टवेअर आलेली मिडी लगेच पियानोकडे परत पाठवत असेल तर प्रत्येक स्वर दोनदा वाजतो : एकदा कळेने, एकदा परतलेल्या संदेशाने. त्यामुळे आवाज जाडसर आणि किंचित धातूसारखा होतो, लेव्हल चढते, आणि पी-४५ची एका वेळी ६४ स्वर धरण्याची क्षमता निम्मी होऊन पेडलमधले जुने स्वर मधेच तुटतात. म्हणून वाजवताना त्या मिडी ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद ठेवावे. निषाद यांनी सांगितलेली शिट्टी ऐकू आली तर मिडी आणि ऑडिओ यांतले एक निवडावे लागेल, हेही खरे.

पेटीवादक

थोडे वेगळे पण याच वाटेवरचे विचारतो. साथीची फाइल मला मिळाली की कधी कधी माझ्या पेटीशी तिचा सूर जुळत नाही. काळी एकमध्ये वाजवलेले गाणे मला जवळजवळ दीड स्वर वर किंवा खाली ऐकू येते, आणि लयही बदललेली वाटते.

रेवा

पेटीवादककाका, तुम्ही ‘दीड स्वर’ म्हणताय ते पेटीच्या पट्ट्यांनी मोजले तर दीड पट्टीच असणार, आणि तसे असेल तर कारण निश्चित आहे. एकाने ४८ किलोहर्ट्‌झवर ध्वनिमुद्रण केले आणि दुसऱ्याच्या प्रणालीने ती फाइल ४४.१ समजून वाजवली, तर सूर सुमारे दीड पट्टी उतरतो आणि लय त्याच प्रमाणात मंदावते; उलट झाले तर दोन्ही चढतात. दोन्हीकडच्या प्रकल्पांत एकच नमुनादर (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) आधी ठरवून घ्यावा.

अंतराताई, फाइल पाठवण्याविषयीही सांगते. २४ बिटची वेव्ह फाइल पाठवावी, आणि पाठवण्यापूर्वी तिची लेव्हल ‘नॉर्मलाइझ’ करून शून्याला भिडवू नये. गायिकेच्या आवाजाला जागा मिश्रणात हवी असते. पियानो आधीच काठोकाठ भरलेला असला की तिकडे पहिले काम तो खाली ओढण्याचेच होते. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. पूर्ण झालेले गाणे कितीही मोठे केले तरी स्पॉटिफाय ते साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) पातळीला आणूनच ऐकवते, त्यामुळे आवाज मोठा असण्याची घाई शेवटच्या टप्प्यातही फारशी कामाची नाही.

अंतरा_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. रेवा यांची चाचणी केली : रिव्हर्ब बंद करताच आवाज जवळजवळ नाहीसा झाला, त्यामुळे खर्ज यांच्या निदानाबद्दल शंका उरली नाही. वाय केबल लॅमिंग्टन रोडवरून करून आणली, ‘इन्स्ट’ दोन्हीकडे बंद केले, पियानोचा आवाज तीन चतुर्थांशावर नेला, आणि शततंत्री यांनी सुचवल्याप्रमाणे संगीतखंड पेडलसह वाजवून गेन लावला. कमाल लेव्हल आता उणे ९ वर येते. खर्जातले स्वर परतले आहेत आणि खरखर हेडफोनचा आवाज बराच वाढवल्याशिवाय ऐकूही येत नाही. मैत्रिणीला पहिली फाइल पाठवली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की नवा पियानो घेतला का.

एक शंका उरली आहे. दोन इनपुटांचे गेन-नॉब वेगवेगळे आहेत आणि त्यांवर आकडे नाहीत. दोन्हींची लेव्हल सारखी आहे याची खात्री कशी करावी? पियानोत खर्ज डावीकडे आणि तार उजवीकडे असल्यामुळे मीटर तसेही सारखे दिसत नाहीत.

गंधार

मधला सा धरून दोन्ही मीटर जुळवले तर?

खर्ज

गंधार, मधला स्वरसुद्धा नमुन्यांत अगदी मधोमध असेल याची खात्री नसते, त्यामुळे त्यावर जुळवले तर सबंध पियानो एका बाजूला झुकण्याची शक्यता राहते. दोन मार्ग अधिक भरवशाचे आहेत.

पहिला असा की दोन्ही नॉब अगदी किमान जागी ठेवावेत. दोन्ही नॉब नक्की एकाच ठिकाणी आहेत असे खात्रीने सांगता येणारी जागा तीच. मग लेव्हल फक्त पियानोच्या आवाजाने लावावी. कमाल लेव्हल उणे १२ च्या थोडी खाली, उणे १५ च्या आसपास आली तरी इथे हरकत नाही. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे त्यात काही हरवत नाही.

तेवढीही आली नाही तर दुसरा मार्ग. घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल ०.३१६ व्होल्टच्या आणि स्टुडिओतल्या उपकरणांची १.२३ व्होल्टच्या मापाने ठरवलेली असते. हा फरक जवळजवळ १२ डेसिबलचा आहे, त्यामुळे काही जोडण्यांत थोडा गेन द्यावाच लागतो. अशा वेळी डावी पिन आधी पहिल्या इनपुटला लावून मिडीतून एकच स्वर ठरावीक जोराने वाजवावा आणि कमाल लेव्हल लिहून घ्यावी. मग तीच डावी पिन दुसऱ्या इनपुटला लावून तोच स्वर त्याच जोराने वाजवावा आणि दुसरा नॉब पहिल्या आकड्यापर्यंत आणावा. स्रोत एकच असल्यामुळे उरलेला फरक फक्त नॉबचा असतो. जुळल्यावर दोन्ही नॉबांवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. इंटरफेसला दोन्ही चॅनल एकत्र बांधण्याची सोय असेल तर हे काहीच करावे लागत नाही.

रेवा

ज्यांच्या पियानोला लाइन-आउट आहे, जसे की कॅसिओचा पीएक्स-एस१००० किंवा रोलँडचा एफपी-३०एक्स, त्यांना वाय केबलची गरज नाही. दोन साध्या मोनो केबल पुरतात. इनपुट एकच मोकळे असेल तर ‘एल/मोनो’ असे लिहिलेल्या जॅकमध्येच केबल लावावी, म्हणजे पियानो दोन्ही चॅनलची बेरीज करून देतो. फक्त उजव्या जॅकमधून घेतले तर अर्धाच पियानो येतो.

अंतरा_ठाणे

खर्ज, दोन्ही नॉब किमान जागी ठेवून पाहिले. पियानोचा आवाज जरासा आणखी वाढवल्यावर कमाल लेव्हल उणे १३ येते आणि डावे-उजवे आता नीट मध्यावर बसते. मैत्रिणीच्या पुढच्या गाण्यासाठी हीच मांडणी ठेवते, आणि या वेळी ऑडिओबरोबर मिडीही नोंदवते.